इस्तिकोमाला, टीव्हीखालच्या खणाबद्दल

गोळ्यांचं सगळं फ्रिजवर लिहून ठेवलंय.
हे मालिकांचं.

खणात बावीस डब्या आहेत. सगळ्या बघण्यासारख्या नाहीत.
निळ्या झग्यांची, राजवाड्याची जी आहे, ती लावू नकोस.
आगोंग म्हणतात, एवढे दागिने अंगावर घालून
कुणी विष कालवत बसतं का.

सुरुवात ‘मिठागराची सून’पासून कर.
एकशे ऐंशी भाग. घाबरू नकोस,
रोज एक बघितलास तर एजंटचं निम्मं कर्ज फिटेपर्यंत संपते.
सासू सुनेला पाण्यात बघते,
आणि पाणी तिथं गुडघाभर, खारट, सगळीकडे,
म्हणजे खरोखरच बघते.
इथली बोली मी त्या सासूकडून शिकले.
मिठाला काय म्हणतात ते कळायच्या आधी
मला ‘हे मूल तुझं नाहीच!’ म्हणता येत होतं,
आणि ‘मृत्युपत्र कुठाय?’
धक्क्यावरच्या मासळीवालीला एकदा
तिचंच एक वाक्य ऐकवलं, भाव उतरावा म्हणून.
बाई हसून हसून खाली बसली,
दोन बांगडे वर टाकले.

पाय दुखत असतील त्या दिवशी ‘तिसऱ्या गल्लीतला न्हावी’.
बाराच भाग, कुणी मरत नाही.
नवव्या भागात न्हावी तिचा हात धरतो
आणि आगोंग खोकतात.
तो खोकला खरा नसतो. औषध देऊ नकोस.

रात्रीची नमाज आठच्या आधी उरकून घे.
ते थांबतात, पण काठीनं भिंत वाजवत राहतात.
रविवारी काओशुंगहून पीहुआताईंचा फोन येईल,
बाबा काय बघतात विचारतील.
बातम्या, म्हणायचं.
आगोंगही तेच म्हणतात, आवाज बारीक करून.

आता ‘बर्फाचा कारखाना’.
ही ह्याच बंदरातली, नानफांगाओतली,
तो कारखाना पाडला तिथं आता गाड्या लावतात.
गोष्ट रटाळ आहे. दोन भाऊ, एक बोट, चाळीस भाग भांडण.
तरी महिन्यातून एकदा लावच. भाग सतरा.
तेविसाव्या मिनिटाला भाऊ धक्क्यावर एकमेकांची गचांडी धरतात,
आणि त्यांच्या मागून एक बाई जाते,
चौकटीची छत्री, हातात पिशवी.
सात सेकंद.
‘ती बघ,’ म्हणतील, ‘आ-किम.’
शूटिंगवाल्यांनी तिला पैसे नाही दिले, जेवणाचा डबा दिला.
तिनं तो न उघडता घरी आणला.
कोंबडीची तंगडी मी खाल्ली, म्हणतील,
आणि तिला विचारलंही नाही.
हे दर वेळी सांगतील. दर वेळी नवीन असल्यासारखं ऐक.

तुला म्हणून सांगते.
कपाटातल्या फोटोंत आमाच्या उजव्या पायात
पट्ट्यांचा जाड बूट आहे, लहानपणापासूनचा.
आणि छत्रीवाली बाई जवळजवळ धावत जाते.
मला हे चौथ्यांदा बघताना दिसलं.
तुला कदाचित पहिल्यांदाच दिसेल, तुझे डोळे तरुण आहेत.
अळीमिळी गुपचिळी.
त्यांनाही दिसलं असेल, असं मला कधी कधी वाटतं.
बोट चालवणारा माणूस, लांबून चाल ओळखणारा.

रिमोटचं झाकण गेलंय, रबरबँड लावलाय.
थांबवायचं बटण जोरात दाबावं लागतं,
नाहीतर बाई पुढे निघून जाते.

आणि एक राहिलं. मिठागराची शेवटची तबकडी चरे पडलेली आहे.
एकशे अठ्ठ्याहत्तरला चित्र चौकोन चौकोन होतं,
सून बांधावर उभी असते, सासूनं हाक मारलेली असते,
पुढे काही नाही.
शेवट आगोंग तोंडी सांगतात, दर वेळी वेगळा.
एकदा सून वळली. एकदा सासूच पाण्यात उतरली.
मागच्या हिवाळ्यात म्हणाले, हाक दुसऱ्याच कुणालातरी होती.

माझी मुदत भरली, सहाची बस आहे.
घरी चिलाचापला हा शेवट कुणालाच माहीत नाही.
तुला कुठला सांगतात ते कळव.